सात निळे दोर

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा समुद्राकाठच्या एका गावातून मीठ बैलांच्या पाठीवर लादून घाटावर जात असे.

घाटावर जायला दोन वाटा होत्या. माळाची वाट जवळची, पण तिच्यावर पाणी फक्त सहा विहिरींचं. नदीची वाट आठ दिवसांनी लांब. तांडा कुठल्या वाटेनं न्यायचा हे व्यापाऱ्यांची सभा ठरवायची.

त्या गावात हौसा नावाची बाई राहायची. विहिरींचं पाणी मोजणं हे तिचं काम. दर वर्षी ती दोराला दगड बांधून विहिरीच्या तळापर्यंत सोडायची, वर ओढायची आणि दोर जिथवर भिजला असेल तिथे गाठ मारायची. मग गाठीखालची लांबी हातानं मोजून सभेला सांगायची. आकडे तेवढे सभेत जायचे. दोर मात्र हौसाच्या घरी खुंटीला लटकत राहायचे.

एका वर्षी ती माळावरून धावतच परतली. तिसऱ्या विहिरीत जेमतेम हातभर पाणी उरलं होतं. आणि यंदा तांड्याच्या पुढे चालणार होता तिचा धाकटा भाऊ!

ती तशीच सभेत उभी राहिली. "पहिली विहीर. यंदा पाच हात, गेल्या वर्षी सहा, त्याआधी पाच..."

सहा विहिरी आणि सात वर्षं. तिसऱ्या विहिरीची पाळी आली तेव्हा गुळाचा जाडा व्यापारी घोरत होता आणि बाकीचे पानाला चुना लावत होते.

नगरशेठ म्हणाले, "पुरे गं बाई, डोकं गरगरलं! एकच सांग, विहिरींत पाणी आहे ना?"

"आहे, पण शेटजी..."

"आहे ना? मग झालं. परवा तांडा माळाच्या वाटेनं निघेल."

हौसा घरी आली आणि गोठ्यापाशी मटकन बसली. तिथे एक म्हातारा बैल रवंथ करत होता. माळाची वाट त्यानं वीस वेळा तुडवली होती.

"काय सांगितलंस सभेत?" त्यानं विचारलं.

"सगळं सांगितलं!"

"तिथेच चुकलीस. बेचाळीस आकडे ऐकून मलासुद्धा झोप आली असती. त्यांना ठरवायचंय काय?"

"माळावरून जायचं की नाही."

"मग ज्या विहिरीवर आम्ही तडफडणार, तेवढीच त्यांच्यापुढे ठेव. आणि बोलून नको, दाखव. कानांचं काही खरं नसतं. माझे केवढे मोठे आहेत बघ, तरी हाकणाऱ्याचं अर्धं ऐकत नाही!"

हौसाची नजर खुंटीकडे गेली. तिसऱ्या विहिरीचे सात वर्षांचे सात दोर! तिनं कोयता घेतला, गाठीखालचा भिजलेला भाग तेवढा कापून काढला आणि सातही तुकडे निळीत बुडवले. वाळत घातले, तर काय! विहीर आटताना डोळ्यांपुढे दिसत होती. इतकी वर्षं तिनं स्वतः मोजलेलं पाणी तिलाही असं कधी दिसलं नव्हतं. तिला राहवेना. ती भावाला हाक मारतच सभेकडे पळाली.

सभेच्या छपराच्या वाशाला तिनं दोर ओळीनं बांधले. सर्वांत जुना आतल्या बाजूला, यंदाचा दाराशी. "हे तिसऱ्या विहिरीचं सात वर्षांचं पाणी," ती म्हणाली.

नगरशेठांनी पाहिलं आणि ते हसले. "अगं, सगळ्यांची खालची टोकं एकाच उंचीला आहेत की! पाणी तेवढंच आहे."

सगळी सभा हसली. हौसानं वळून पाहिलं. खरंच, टोकं एका रेषेत दिसत होती!

तेवढ्यात भाऊ ओरडला, "अक्का, वर बघ! वासा उतरता आहे!"

जुना लांब दोर उंचावर होता आणि यंदाचा आखूड दोर खाली.

"शेटजी, थांबा, माझंच चुकलं!" हौसा म्हणाली. तिनं भराभर दोर सोडून एका सरळ बांबूला बांधले. भाऊ तिथे रचलेल्या मिठाच्या गोण्यांच्या थप्पीवर चढला. समोरच्या थप्पीवर तिनं गुळाच्या व्यापाऱ्यालाच चढवलं. "काका, बांबू आडवा धरा. आणि झोपू नका!"

बांबू वर गेला आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या. सहा हात, साडेपाच, पाच, चार, तीन, दोन. आणि शेवटी एवढासा निळा तुकडा.

नगरशेठ उठून जवळ आले. त्यांनी तो तुकडा हातात धरला.

"एवढ्यात तीनशे बैल प्यायचे?"

"हो शेटजी. आणि पुढे दीड दिवस पाणी नाही."

नगरशेठांनी घटकाभरही विचार केला नाही. "तांडा नदीच्या वाटेनं जाईल."

तांडा नदीच्या वाटेनं गेला. शेजारच्या गावाचा तांडा मात्र माळावरून गेला. तिसऱ्या विहिरीवर त्यांना मीठ टाकून माघारी फिरावं लागलं आणि निम्मे बैल वाटेतच पडले. इकडे हौसाचा भाऊ आठ दिवस उशिरा, पण तीनशेच्या तीनशे बैल घेऊन परतला. वेशीबाहेरूनच तो ओरडत होता, "अक्का! अगं अक्का!"

तेव्हापासून त्या सभेत एक बांबू कायमचा आडवा टांगलेला असे.

तात्पर्य: माहिती सगळी गोळा करावी, पण ऐकणाऱ्याला ज्यावरून ठरवायचं आहे तेवढीच, एका पातळीवर आणि डोळ्यांना दिसेल अशी मांडावी.