डॉक्टरांचं पहिलं पिस्तूल

"पण पिस्तूलच खोटं निघालं, तर नेम कशाच्या जिवावर धरायचा, वस्ताद?"

डॉक्टर शिरीष खर्डेकरांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं. ठेवलं कसलं, टाकलंच.

इलाही मुजावर वस्ताद बाकावर बसून चहा ओतत होते. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आणि त्यानंतरची वीस वर्षं गडहिंग्लजजवळच्या या रेंजवर नेमबाजी शिकवत आले. डॉक्टर त्यांचे सगळ्यांत नवे शिष्य. सगळ्यांत घाईचेही.

"असं टाकू नये त्येला," वस्ताद म्हणाले. "चहा घ्या."

डॉक्टरांना चहा नको होता. परवान्यासाठी त्यांनी दीड वर्ष वाट पाहिली होती. पिस्तूल घरी आलं त्या दिवशी बायकोनं त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. आणि आज वीस गोळ्यांपैकी तीन अडकल्या. उरलेल्यांची भोकं कागदभर विखुरलेली, कुणी मूठभर फुटाणे भिरकावल्यासारखी. बहुतेक खालीच. मधल्या काळ्या वर्तुळात एकही नाही.

"रविवारच्या स्पर्धेतून नाव काढून घेतो. हे परत करतो. दुसरं मिळेल तेव्हा बघू."

वस्ताद उठले. पिस्तूल भरून त्यांनी समोरच्या नव्या कागदावर पाच गोळ्या मारल्या. चौथी अडकली. ती शांतपणे मोकळी करून पुन्हा भरली आणि त्यांनी तीही मारली, उरलेलीही.

"अडकतंय खरं," ते म्हणाले. "नवं हाय. दोनतीनशे गोळ्या जाऊ द्या, तेलपाणी करा, सुटंल. तुमचं मनगटबी ढिलं पडतंय, त्येनंबी अडकतं."

डॉक्टरांनी दुर्बिणीतून कागद पाहिला. पाचही भोकं काळ्यात, एकमेकांना चिकटून.

त्यांचा चेहरा लाल झाला.

"माझा हात काही कमी नाही, वस्ताद. तुमचा मोतीबिंदू मीच काढला. तेव्हा हलला होता का?"

"केसभरबी न्हाई." वस्ताद मनापासून हसले. "पण डोळा असा धाडकन वाजत न्हाई, डॉक्टर."

वस्तादांनी गोळ्यांची डबी जवळ ओढली.

"एकेक गोळी मी भरून देतो. तुमी निस्तं मारा."

वस्तादांनी पाठ फिरवली, पिस्तूल भरलं, हातात दिलं. धाड! गोळी खाली गेली.

पुन्हा पाठ फिरवली, पुन्हा दिलं. डॉक्टरांनी श्वास रोखून चाप ओढला.

टक्.

आत गोळी नव्हतीच. पण नळी मात्र वाकून नमस्कार करावा तशी खाली गेली होती. डॉक्टरांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

"हे... हे मी केलं?"

वस्तादांनी मान डोलावली. पुन्हा पाठ फिरवली.

असं किती वेळ चाललं कोण जाणे. कधी गोळी असे, कधी नसे. वस्तादांच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळत नव्हतं. डॉक्टर आधी अंदाज बांधत राहिले, मग चिडले, मग थकले. शेवटी अंदाज बांधायचंच राहून गेलं.

धाड!

आवाजानं डॉक्टर स्वतःच दचकले, पण गोळी सुटून गेल्यावर. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. काळ्यात. कडेला का होईना, पण काळ्यात.

ते दुर्बिणीवरून बाजूला झाले.

"म्हणजे गोळी सुटायच्या आधीच मी घाबरतो," ते हळूच म्हणाले.

बावीस वर्षांच्या शस्त्रक्रियांमध्ये हा शब्द त्यांनी स्वतःबद्दल कधी उच्चारला नव्हता.

वस्तादांनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. चहा पार गार झाला होता. डॉक्टरांनी तो मुकाट्यानं संपवला.

"रविवारचं नाव... राहू दे म्हणतो."

"ऱ्हाऊ द्या की."

"एक विचारू, वस्ताद? ही भीती जायला किती दिवस लागतात?"

वस्तादांनी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, रुमालानं पुसलं आणि तान्ह्या पोराला निजवावं तसं पेटीत ठेवलं.

"माझी गेली की सांगतो."