पाहुण्याचे पान

एकदा एका शिष्याने परग्रहावरून येणाऱ्या पाहुण्यावर सिनेमा काढायला घेतला आणि शेवटच्या प्रसंगापाशी येऊन तो अडला. अडला म्हणजे साफ अडला. बाकी सारे चित्रण झाले होते, माळावर उभारलेला देखावा अजून जागेवर होता, कलाकार गावच्या चहाला कंटाळले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा प्रसंग घ्यायचा होता. तो काय घ्यायचा हे मात्र दिग्दर्शकालाच ठाऊक नव्हते.

त्याला शिष्य म्हणण्याचे कारण असे की सिनेमाच्या नादी लागण्यापूर्वी तो नदीकाठच्या एका गावी एका वृद्ध आचार्यांकडे ग्रहगणित शिकला होता. आचार्य पंचांग करीत. ग्रहणाची वेळ ते कागदावर काढत आणि त्या दिवशी परातीत पाणी घेऊन, त्यातल्या प्रतिबिंबावर नजर ठेवून, स्वतःचेच गणित तपासायला अंगणात बसत. कधी चुकले तर विद्यार्थ्यांपुढे येऊन आपली चूक इतक्या आनंदाने सांगत की मुलांना वाटे, गुरुजींना कुणी बक्षीस दिले. हेच आचार्य सकाळी तासभर देवपूजाही करीत. शिष्याला यात कधी काही खटकले नाही. खटकू लागले ते शहरात गेल्यावर, कारण शहरातल्या शहाण्यांनी त्याला पटवून दिले की देव किंवा शास्त्र, माणसाने कोणती तरी एकच बाजू धरावी.

सिनेमाची गोष्ट साधी होती. एका ओसाड माळावर एक वयस्क संशोधक राहतो. दूरच्या ताऱ्यांकडून कुणाची साद येते का, हे ऐकण्यासाठी त्याने एक भलीमोठी तबकडी आकाशाकडे तोंड करून उभी केली आहे. सोबतीला त्याची विधवा बहीण. ती स्वयंपाक करते, देवापुढे दिवा लावते आणि भावाला म्हणते की वरून कुणी आलेच तर तो देवच असणार. भाऊ म्हणतो, आधी येऊ तर दे. वर्षे सरतात. शेवटी काय होते?

इथेच घोडे पेंड खात होते. कलाकारांत दोन तट पडले होते. पाहुणा दाखवला नाही तर बहिणीच्या श्रद्धेचा अपमान होतो, असे एक म्हणत. दाखवला तर भावाच्या शास्त्राची चेष्टा होते, असे दुसरे म्हणत. वर्षभर एका ताटात जेवलेली माणसे आता वेगवेगळ्या पंक्तीला बसू लागली होती.

या सिनेमाला पैसा पुरवणारे शेठजी गुळाचे मोठे व्यापारी होते. माणूस दिलदार, बोलायला गोड, पण गिऱ्हाईक कुठे वळते यावर त्यांची नजर पक्की. त्यांच्या मते प्रश्न मुळात अवघड नव्हताच. शेवटी आकाशातून पाहुणा उतरवायचा, त्याच्या डोक्यामागे मोठा उजेड ठेवायचा आणि त्याचा एक हात किंचित वर करायचा. श्रद्धावाले म्हणतील देव आला, विज्ञानवाले म्हणतील परग्रहवासी आला, आणि तिकीट दोघेही काढतील. त्यांनी हिरवट रबराचा पोशाखही शिवून घेतला होता आणि तो घालायला दौलत खिलारे नावाचा आटपाडीचा उंचापुरा नट ठेवला होता. दिग्दर्शकाला त्यांनी स्पष्ट सांगितले होते की उद्या सकाळपर्यंत दुसरे काही सुचले नाही, तर हाच शेवट घ्यायचा.

तीन वर्षे शिष्य या दोन भावंडांबरोबर मनाने राहिला होता. त्यांच्या तोंडी शेवटचा घास खोटा द्यावा लागणार, हे त्याला सहन होईना. खरा घास कोणता, हेही कळेना. आचार्यांचे गाव त्या माळापासून जवळच होते. त्यांना विचारू, असे त्याने ठरवले. शेठजी म्हणाले, मीही येतो. त्यांनी गाडीत मागे दौलतला पोशाखासकट बसवले, कारण म्हाताऱ्याने एकदा तो थाट पाहिला की तो आपल्याच बाजूने बोलेल, अशी त्यांची खात्री होती.

ते पोहोचले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. शिष्याला पाहून आचार्यांना आनंदाचे भरते आले. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तू वाळलास असे सांगितले आणि सुनेला पाने मांडायला सांगितली. शिष्याने घाईघाईने सगळा पेच सांगितला. आचार्यांनी तो मान डोलावत ऐकला आणि ते आधी जेवून घेऊ म्हणाले.

केळीची पाने मांडली गेली. एक शेठजींचे, एक शिष्याचे, एक आचार्यांचे. त्यांच्या पलीकडे आणखी एक पान मांडून त्यावरही मीठ, लिंबू, चटणी वाढली गेली. वरणाचा घमघमाट सुटला. शेठजी मांडी घालून सरसावून बसले, तेवढ्यात आचार्य उठले आणि बाहेर जाऊन उंबऱ्यापाशी उभे राहिले.

शिष्याने हळूच सांगितले की ही या घरची जुनी रीत. वैश्वदेवाची आहुती देऊन झाल्यावर यजमानाने दारात उभे राहून अतिथीची वाट पाहायची. गाईची धार काढायला लागतो तेवढा वेळ थांबायचे. कुणी आले तर त्या जादा पानावर बसवायचे, नाही आले तर आत येऊन जेवायचे.

गुळाच्या व्यापाऱ्याला ही गाय फारच सावकाश दूध देणारी वाटली असावी. त्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. पण व्यापारी तो व्यापारी. भुकेतही त्यांना संधी दिसली. हात धुवायचे निमित्त करून ते मागच्या दाराने गाडीपाशी गेले आणि त्यांनी दौलतला पूर्ण पोशाख चढवून पुढच्या दाराने पाहुणा म्हणून यायला सांगितले.

थोड्याच वेळात रस्त्याच्या वळणावरून ती हिरवी, मोठ्या डोळ्यांची, लांब बोटांची आकृती संथ पावले टाकीत घराकडे येऊ लागली. समोरच्या ओट्यावरची कोंबडी पळाली. आचार्य मात्र हलले नाहीत. आकृती दारापाशी आली, तिने शिकवल्याप्रमाणे एक हात किंचित वर केला आणि आत पाऊल टाकण्यापूर्वी सवयीने खाली वाकून उंबऱ्याला हात लावला व तो कपाळाला लावला. त्या वाकण्यात रबराचे डोके निसटले आणि गडगडत तुळशीपाशी गेले.

आचार्य इतके हसले की त्यांना दाराची चौकट धरावी लागली. सून स्वयंपाकघरातून पदर तोंडाला लावून पाहत होती. दौलत घामाने निथळत, लाजेने अर्धमेला होऊन उभा होता. आचार्यांनी स्वतः तांब्या आणून त्याच्या हातांवर पाणी घातले, पोशाखाचे बंद सोडायला मदत केली आणि त्याला आत नेऊन आपल्या स्वतःच्या पानावर बसवले. स्वतःसाठी त्याच्या शेजारी नवे पान मागून घेतले. पाहुण्याचे पान तसेच रिकामे राहिले.

शेठजींचा डाव उधळला होता, तरी त्यांनी धीर सोडला नाही. पाहुणा आला, तुम्ही त्याच्या हातावर पाणी घातले, मग त्याला त्याच्या पानावर का बसवत नाही, असे त्यांनी विचारले. शिष्यालाही ते कोडेच वाटले. रोज ज्याची वाट पाहायची, तो भुकेला माणूस दारी आला असता हे पान राखून ठेवणे, हा कुठला धर्म?

आचार्यांनी दौलतच्या पानावर तूप वाढले.

“हे तुमच्याबरोबर गाडीतून आले, शेठजी. म्हणजे यांचं पान आधीच मांडायला हवं होतं. तुम्ही यांना गाडीत बसवून ठेवलंत ही तुमची चूक, आणि गाडीत आणखी कुणी आहे का हे मी विचारलं नाही ही माझी. ती दुरुस्त केली, झालं. पण ते पान वाटेवरून अवचित येणाऱ्याचं आहे. सोंग घेऊन येणाऱ्याचं नाही.”

शेठजींनी विचारले की इतकी वर्षे पान मांडता, त्यावर आजवर आले तरी कोण? आचार्यांनी आठवून सांगितले. एकदा वाट चुकलेला मेंढपाळ आला. एकदा एक दारू प्यायलेला गृहस्थ आला, आणि जेवून झाल्यावर तासभर रडला. एकदा वीज मंडळाचा माणूस तारा बघायला आला आणि पुरणपोळी खाऊन गेला. बहुतेक दिवस मात्र कुणीच येत नाही, मग ते पान गाईला जाते.

शिष्याला आता राहवेना. सगळा आडपडदा बाजूला सारून त्याने विचारले, “गुरुजी, माझ्या सिनेमातला पाहुणा येणार आहे की नाही?”

“मला काय ठाऊक?” आचार्य म्हणाले. “अरे, पान मांडताना मी कुणाशी पैज मारत नाही. कुणी येऊ शकेल एवढं मनाशी धरतो आणि त्याच्यापुरती जागा करतो. त्याला तू श्रद्धा म्हण. मग दारात जाऊन रस्ता नीट बघतो, आणि कुणी नसेल तर आत येऊन सुनेला सांगतो की आज कुणी नाही. त्याला विज्ञान म्हण. मला यात भांडण कधी दिसलं नाही, कारण दोन्ही कामं करणारा मी एकच. रस्ता न बघता पाहुणा आला म्हणालो तर मी लबाड. काल आला नाही म्हणून आज पानच मांडलं नाही तर मी आळशी, आणि त्या आळसाला उगाच शास्त्राचं नाव देऊ नये. पण सोंगाला त्या पानावर बसवलं ना, तर दोन्ही एकदम बुडतं. उद्या मी दारात जाणार कशाला? आणि खरा कुणी आलाच, तर त्याला बसवू कुठे?”

एवढे बोलून त्यांनी कढीची वाटी तोंडाला लावली. दौलतने तिसऱ्यांदा भात मागितला. शिष्य त्या रिकाम्या पानाकडे पाहत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. चटणी तिखट आहे असे त्याने सांगितले, ते कुणाला पटले नाही.

शेठजींना तत्त्व पटले, पण सिनेमा असल्या शेवटावर चालेल का, असे त्यांनी निघताना विचारले. त्यातले मला कळत नाही, असे आचार्यांनी तितक्याच मोकळेपणाने सांगितले.

परतीच्या वाटेवर गाडीतच शिष्याने शेवट रचला. संशोधक दिवसभर ऐकून यंत्र बंद करतो आणि घरात येतो. बहीण विचारते, आज? तो म्हणतो, आज काही नाही. ती ताट वाढते. तो बसणार, तोच थबकतो, पुन्हा बाहेर जातो आणि तबकडी बोटभर वळवून पुढच्या ताऱ्याकडे लावतो. बहीण दारात दिवा धरून उभी राहते, म्हणजे त्याला अंधारात तबकडीचे खिळे दिसावेत. मग दोघे जेवायला बसतात. एवढेच.

शेठजी दोन दिवस रुसले, पण शब्दाला जागले. सकाळपर्यंत दुसरे सुचले तर ते घेऊ, असे तेच म्हणाले होते. दौलतला तबकडीला वंगण घालणाऱ्या कामगाराचे काम मिळाले. त्यात निदान श्वास घेता येत होता, म्हणून तो खूश होता. कलाकारांची पंक्त पुन्हा एक झाली.

पहिला खेळ तालुक्याच्या गावी झाला. शेठजी पडद्याकडे पाहतच नव्हते. ते दाराशी उभे राहून लोकांच्या तोंडांकडे पाहत होते. सिनेमा संपला आणि टाळी पडली नाही. शेठजींचा चेहरा उतरला. शिष्यही घाबरला. लोक गुपचूप उठून बाहेर पडले.

पण ते घरी गेले नाहीत. बाहेरच्या मोकळ्या जागेत, आपापल्या मोटारसायकलींपाशी, ते माना वर करून उभे राहिले. कपाळाला गंध लावलेले एक आजोबा एका ताऱ्याकडे बोट दाखवत होते, तो तारा नसून गुरू ग्रह आहे असे एक शाळामास्तर त्यांना सांगत होते, आणि दोघांनाही तिथून हलायची घाई नव्हती.

शेठजी शिष्याजवळ आले. इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

“खरं सांग, येईल का रे कुणी?”

तीन वर्षे शिष्य याच प्रश्नाला भीत आला होता. आज त्याला त्याचे उत्तर देताना कधी नव्हे इतके हलके वाटले.

“माहीत नाही, शेठजी.”

शेठजींनी मान डोलावली. खिशातून काढलेली गाडीची किल्ली त्यांनी परत खिशात टाकली आणि ते आकाशाकडे पाहत म्हणाले, “मग थांबू की थोडा वेळ.”