लाल पागोटं आणि शेजाऱ्याचा कौल

एका सुभ्यात लोकांचा कौल घेत फिरणारा एक गडी होता. “माणसाच्या मनातलं मी तोंडावरून वाचतो,” अशी बढाई मारायचा आणि लगेच म्हणायचा, “बायको सोडून हं! ती का रुसते ते अजून कळलेलं नाही.”

त्या सुभ्याचा सुभेदार लोकच निवडायचे, ज्याच्या त्याच्या रांजणात सुपारी टाकून. यंदा जुन्या सुभेदारासमोर गावचे पंतोजी उभे राहिले आणि सुभेदाराची झोप उडाली. त्याने कौलवाल्याच्या डोक्यावर आपलं लाल पागोटं चढवलं आणि दम भरला, “गावोगाव विचार आणि कोण जिंकणार ते भर बाजारात सांग. खोटा ठरलास, तर तोंडाला काळं फासून गाढवावर उलटा बसवीन!”

गडी निघाला. आता तिथल्या लोकांची रीत अशी, की दारी आलेल्याचं मन मोडायचं नाही. लाल पागोटं दिसलं, की हातावर गूळ ठेवायचे आणि म्हणायचे, “सुभेदार ना? अगदी देवमाणूस!” गूळ खाऊन खाऊन दाढ दुखायला लागली, पण स्वारी खूष.

शेवटच्या घरी बांगड्या भरणारी कासारीण मावशीही तेच म्हणाली. उठता उठता त्याने सहज विचारलं, “आणि शेजारी काय म्हणतात?”

“ते होय? मेले सगळे पंतोजींना देणार! पलीकडची सून तर सुपारी आत्तापासून पदराला बांधून बसलीय!”

गडी दाढ धरून उभाच राहिला. मग उलटा फिरला आणि दारोदार फक्त शेजाऱ्याचं विचारत सुटला. स्वतःचं विचारल्यावर गोड बोललेली माणसं शेजाऱ्याबद्दल भडाभडा खरं बोलली.

बाजाराच्या दिवशी समोर सुभेदार बसलेला, बाजूला गाढव बांधलेलं. गड्याने डोळे मिटले आणि तो ओरडला, “पंतोजी!”

“माझंच पागोटं घालून?” सुभेदार कडाडला. “मोजणी होऊ दे, मग बघतो. गाढव सोडू नका रे!”

रांजण उपडे झाले. पंतोजींच्या सुपाऱ्यांचा ढीग बघून गड्याने असा सुस्कारा सोडला, की गाढवाने कान टवकारले. दाढदुखीही थांबली म्हणतात, पण तेवढं काही खरं नसावं.

नव्या सुभेदारांनी, म्हणजे पंतोजींनी, त्याला आपल्यासारखंच कोरं पांढरं पागोटं बांधलं. तो मिरवत मावशीकडे गेला.

“तात्पर्य काय, मावशी: दुसऱ्याला मनातलं विचारण्याआधी आपल्या डोक्यावर काय आहे ते बघावं! बरं, नवे सुभेदार कसे वाटतात?”

मावशीने पांढऱ्या पागोट्याकडे बघितलं, त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, “अगदी देवमाणूस!”