जुळ्यांचं बारसं

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, एका मोठ्या नदीच्या मुखाशी एक गाव होतं. त्या गावात मडकी घडवणारी एक बाई राहायची. तिकडे हे काम बायकांचं. चाक वगैरे काही नाही. मातीचा गोळा घ्यायचा आणि हातानंच वळत वळत मडकं उभं करायचं. हिच्या मडक्यांना आसपासच्या सगळ्या गावांतून मागणी असे.

गाव तसं चांगलं होतं. कुणी उपाशी झोपत नसे, म्हाताऱ्याकोताऱ्यांचा मान राखला जाई. पण एक रीत फार वाईट होती. जुळी जन्मली की गावाची घाबरगुंडी उडायची. माणसाला एका वेळी एकच मूल होतं आणि त्याच्या मागून येतं ते भूत, अशी त्यांची ठाम समजूत. मग मागून जन्मलेल्या बाळाला आईनं नव्या मडक्यात घालून रानात ठेवून यायचं, आणि येताना मागे वळून पाहायचं नाही.

या बाईला जुळ्या मुली झाल्या. रीत तिलाही चुकली नाही. मडकं तर घरचंच होतं. ती रानात गेली, मडकं खाली ठेवलं आणि निघाली. पण आईचंच काळीज ते, तिनं वळून पाहिलं. पांढरा झगा घातलेली एक गोरी बाई वाकून बाळाला उचलून घेत होती. समुद्रापलीकडून येऊन टेकडीवर मिशनची शाळा चालवणाऱ्या बाई होत्या त्या. आई हे कुणाला बोलली नाही. पोर जगली, एवढं पुरे आहे, असं ती स्वतःला समजावत राहिली.

घरातल्या मुलीचं नाव अतिम. टेकडीवरच्या मुलीचं नाव बाईंनी रूथ ठेवलं. त्यांनी तिला खाऊपिऊ घातलं, ती तापानं फणफणली तेव्हा उशाशी बसून राहिल्या, तिला लिहायला-वाचायला शिकवलं, औषधं द्यायला शिकवलं. हे सगळं खरं आहे आणि त्याचं मोल कमी करायचं काही कारण नाही. पण त्याच बाईंनी तिला हेही शिकवलं, की खालचं गाव अंधारात बुडालेलं आहे, तिथले ढोल, तिथली गाणी, तिथली नावंसुद्धा सैतानाची आहेत. आणि तुझ्या आईनं तुला टाकलं, असंही सांगितलं. ते तर खोटं नव्हतंच.

रूथ हुशार निघाली. मोठी होऊन त्याच शाळेत शिकवू लागली. दोघी बहिणींचा चेहरामोहरा एकच, त्यामुळे गाव सगळं ओळखून होतं आणि कुणी तोंडातून अक्षर काढत नव्हतं. गावात औषध द्यायला आली की रूथ आईच्या अंगणासमोरून मान खाली घालून निघून जायची. आई मात्र हातातली माती तशीच धरून, ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायची.

पुढे अतिम बाळंत झाली. तिला जुळी झाली, आधी मुलगा आणि मागून मुलगी.

गावचा म्हातारा मुखिया दारात आला. माणूस दुष्ट नव्हता, भित्रा होता. "पोरी," तो अतिमच्या आईला म्हणाला, "नवं मडकं असेल ना घरात?"

तेवढ्यात बातमी कळून रूथ धावत आली. "दोन्ही बाळं माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "शाळेत वाढतील, शिकतील. पण परत या अंधारात मी त्यांना पाऊल टाकू देणार नाही. या घराशी त्यांचा संबंध संपला."

"ने बाई, ने," मुखियाला हायसं वाटलं. "गावावरचं संकट टळलं."

आत अतिमनं दोन्ही बाळं छातीशी घट्ट धरली. तिची आई उठली आणि उंबरठ्यावर बसली.

"मडकं मिळायचं नाही," ती म्हणाली. "आणि बाळंही मिळायची नाहीत."

"वेड लागलं का तुला?" मुखिया ओरडला. "भूत घरात ठेवून घेणार?"

"ही बघा, बाबा." तिनं रूथकडे बोट दाखवलं. "मागून जन्मलेली ती हीच. कुणाचं काय वाईट झालं हिच्यामुळे? तुमच्या नातवाचा ताप कुणाच्या औषधानं उतरला?"

मुखिया खाली मान घालून निघून गेला. नातू त्याचा एकुलता एक होता.

मग ती रूथकडे वळली. "तुझ्या बाईंचे उपकार माझ्या कातड्याचे जोडे केले तरी फिटायचे नाहीत. मी तुला टाकलं, तो गुन्हा माझा. पण तू ही बाळं नेणार आणि त्यांना आईला विसरायला लावणार. मग रानात आणि तुझ्या शाळेत फरक काय राहिला?"

"फरक आहे," रूथ ताडकन म्हणाली. "रानात मी मेले असते."

"हो," आई म्हणाली. "तो फरक आहे, आणि मोठा आहे. म्हणून तर सांगते, मोठी झाली की सकाळी ती तुझ्या शाळेत येतील. संध्याकाळी घरी येतील."

आई उंबरठ्यावरून बाजूला सरकली. "आत ये," ती म्हणाली. "आमच्याकडे बाळांचं नाव मावशी ठेवते."

रूथ आत गेली. अतिमनं एकेक करून दोन्ही बाळं तिच्या मांडीवर दिली. मुलाला रूथनं शाळेतलं नाव दिलं, सॅम्युएल. मुलीला गावातलं नाव द्यावं असं तिच्या मनात आलं, आणि ती अडली. समुद्रापलीकडच्या राजांची नावं तिला तोंडपाठ होती. जन्मगावातल्या एकाही नावाचा अर्थ तिला ठाऊक नव्हता.

"मला एकही येत नाही," ती म्हणाली आणि लहान मुलीसारखी रडू लागली.

आई तिच्याजवळ बसली. "मी सांगत जाते," ती म्हणाली. "तू निवड."

त्यानंतर त्या गावात जुळ्यांसाठी मडकं घडलं नाही. मुलं दिवसा टेकडीवर शिकली आणि संध्याकाळी गावच्या ढोलावर नाचली. गोऱ्या बाईंना ते शेवटपर्यंत रुचलं नाही. रूथ त्यांचं सगळं ऐकून घ्यायची, त्यांची सेवा करायची आणि मुलांना वेळेवर घरी सोडायची. हळूहळू ती आईला आई म्हणायलाही शिकली. पण तो शब्द उच्चारण्याआधी दर वेळी ती क्षणभर थांबायची, आणि ते थांबणं काही तिच्यानं शेवटपर्यंत सुटलं नाही.

ऐकणाऱ्यानं एवढं मनात ठेवावं: जीव वाचवणाऱ्याचे उपकार जन्मभर मानावेत, पण जीव वाचवला म्हणून कुणाला त्याच्या माणसांपासून तोडण्याचा हक्क मिळत नाही.