आधी भेगा, मग डोळे

पूर्वी वेत्रनगरात सुतेज राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व नदीकाठच्या एका गावात सुताराच्या कुळात जन्मला. तो होड्या बांधी आणि गावातल्या बारा-चौदा वर्षांच्या पोरांना ते काम शिकवी. त्यांत वत्सक सगळ्यांत हुशार. हुशार पोराला काम सांगावे लागत नाही म्हणतात, पण पंचाईत तिथेच असते. तो आवडेल ते काम आधी उचलतो.

होडीच्या फळ्यांमधल्या भेगांत ताग ठोकायचा, वरून राळ चोपडायची, आणि होडीला वाट दिसावी म्हणून तिच्या तोंडावर दोन डोळे रंगवायचे, अशी तिथली रीत होती. एकदा नवी होडी वत्सकावर सोपवून लाकूड बघायला रानात निघताना बोधिसत्त्वाने त्याला विचारले, यातले कुठले काम उद्यावर टाकता येईल? वत्सक म्हणाला, "कुठलेच नाही." सगळीच कामे सारखी म्हणणाऱ्याला एकही काम कळलेले नसते. बोधिसत्त्वाने समजावले की राळ कोरड्या लाकडालाच धरते, डोळे काय, केव्हाही रंगतील. वत्सकाने मान डोलावली.

पण राळ चिकट, घाण वासाची, आणि ती चोपडणाऱ्याचे कौतुक कोण करतो? वत्सक डोळे रंगवायला बसला. ते इतके जिवंत उतरले की पलीकडच्या गावची माणसेही बघायला आली. मग त्याने पापण्या काढल्या, भुवया काढल्या. तोवर वरच्या डोंगरांत आभाळ फुटले, दमट वारा सुटला, लाकूड ओलावले. राळ लावावी तर ती सुटून हातात येऊ लागली.

नदी चढली. तिच्या मधोमध वाळूचे बेट होते, आणि वत्सकाची थोरली बहीण कुंडला आपल्या दोन लेकरांना घेऊन तिथे भोपळ्याचे वेल राखायला गेली होती. बाकीच्या होड्या बाजाराला गेलेल्या. काठावर उरली होती ती ही एकच, डोळेवाली.

बोधिसत्त्व रानातून परतला. त्याने भेगा पाहिल्या आणि सरळ एक मडके वत्सकाच्या हाती दिले. चार शिव्या हासडल्या असत्या तर वत्सकाला बरे वाटले असते. दोघांनी होडी पाण्यात लोटली. बोधिसत्त्व वल्हवीत होता आणि वत्सक मडक्याने पाणी उपसत होता.

बेटावर पोहोचेपर्यंत पाणी नडगीला लागले. कुंडला आणि लेकरे चढली तशी होडी काठोकाठ दबली. पाच माणसांचा भार ती नेणार नाही, हे त्या लहानग्यांनाही कळत होते. बोधिसत्त्वाने वल्हे कुंडलेच्या हाती दिले आणि तो खाली वाळूत उतरला.

वत्सकाने त्याचा हात घट्ट धरला. "तात, माझ्यामुळं झालं हे. मला एकदा..."

"रडायला उभा जन्म पडलाय, पोरा," बोधिसत्त्व हात सोडवीत म्हणाला. "आधी पाणी उपस."

वत्सक उपसत राहिला. मागे वळून बघायचीही सोय नव्हती. काठाला लागल्यावर त्याने पाहिले, तेव्हा बेट नव्हतेच. नुसते गढूळ पाणी वाहत होते. क्षमा मागायची राहून गेली.

पुढे वत्सकाने कितीतरी होड्या बांधल्या, त्यांतली एकही गळली नाही. लोक त्याला मानीत. त्याचे त्याला काहीच वाटत नसे.

एवढी जुनी गोष्ट सांगून शास्ता, भिक्खूंचे गुरू, थांबले. समोर सुभग नावाचा कोवळा श्रामणेर, नवशिका भिक्खू, बसला होता. सकाळी मंडपाला फुलांच्या माळा बांधण्याच्या नादात एका म्हाताऱ्या आजारी भिक्खूंना पाणी द्यायचे त्याच्याकडून राहिले, आणि तहानेने तळमळत त्या म्हाताऱ्याचा प्राण गेला. शास्ता म्हणाले, "त्या वेळची कुंडला म्हणजे हे गेलेले भिक्खू. तो सुतार मीच. आणि वत्सक हा आपला सुभग."

जे नंतर करता येणार नाही ते ओळखून आधी करणे, ही प्रज्ञा पारमी, शहाणपणाची पूर्णता. सुभगाला आता ती नीट कळली होती. मंडपाबाहेर भिक्खू सरण रचत होते.