दोन हातांपर्यंतचा परवाना

त्या रानात झाड मजबूत असल्याचा दाखला मिळाल्याशिवाय कुणी घरटं बांधत नसे. दाखला देणाऱ्यांच्या परवान्याच्या तीन पायऱ्या होत्या. पहिली दोन हात उंचीपर्यंतच्या झुडपांसाठी, दुसरी मध्यम झाडांसाठी, तिसरी वाटेल त्या झाडासाठी. पायरी चढायची तर तिसऱ्या पायरीवरच्या कुणासोबत दीड हजार झाडं तपासावी लागत. तिथे एकटे बगळेसाहेब होते आणि त्यांना सोबत खपत नसे. त्यामुळे सुतार पक्षी नऊ वर्षं करवंदीच्या जाळ्याच तपासत होता.

एकदा धनेशाच्या जोडीने साठ हात उंच बेहड्यावरची ढोली पसंत केली.

"एकदा आत बसून तोंड लिंपून घेतलं की पिल्लं मोठी होईपर्यंत मला बाहेर पडता येत नाही," मादी म्हणाली. "पिसंही झडतात. तेव्हा झाड जरा नीट बघा, साहेब."

बगळेसाहेबांनी तळ्याच्या काठावरूनच, एका पायावर उभं राहून, बेहडा पाहिला. शेजारचे तीन बेहडे उभे आहेत, त्याअर्थी हाही उभा राहील, असा दाखला त्यांनी दिला.

सुताराला मात्र राहवेना. त्याने बुंध्यावर चोच मारली, आतला पोकळ आवाज ऐकला आणि तो थेट तळ्याकडे उडाला.

"साहेब, बुंधा आतून पार कुजलाय हो!"

"झाडाची उंची किती?"

"साठ हात."

"आणि तुझा परवाना?"

"दोन."

"मग तुला काही ऐकू आलेलं नाही."

धनेशाने दोघांकडे पाहिलं आणि मोठ्या परवान्यावर विश्वास ठेवला. मादी आत बसली. ढोलीचं तोंड चिखलाने बंद झालं, चोचीपुरती फट तेवढी उरली.

तीन आठवड्यांनी, धड वारासुद्धा नसताना, बेहडा आडवा झाला. ढोलीची फट खाली मातीत दबली. धनेश ओरडत खोडाभोवती घिरट्या घालू लागला. बगळेसाहेब सावकाश आले. त्यांनी पडलेल्या झाडाची उंची मोजली. ती दोन हात भरली.

"हे आता तुझ्या पायरीत बसतं," ते सुताराला म्हणाले. "तपास."

सुताराने खोडावर चोच मारली. आतून कुणीतरी उलट ठोकलं.

पुढचं काही न ऐकता तो सगळा जीव एकवटून लाकूड फोडू लागला. धनेशही त्याच्या शेजारी येऊन चोच मारू लागला.

"अरे, थांब!" बगळेसाहेब मागून ओरडले. "तुझा परवाना ठोकायचा आहे. फोडायचा वेगळा असतो."