शिफ्राची मिटलेली कळी

डोंगराच्या कुशीत, तांबड्या कौलांच्या एका इवल्याशा प्रार्थनामंदिराभोवती रंगीबेरंगी बाग होती. शिफ्राचे बाबा, अमोस, त्या बागेचे माळी. पण आता ते खाटेला खिळले होते. ते आंब्यावर चढत असताना शेजारच्या एज्राकाकांनी गंमत म्हणून शिडी हलवली, आणि बाबा खाली कोसळले. गंमत क्षणात विरली. बाबांच्या पायांतले बळ मात्र परतले नाही. आई नव्हतीच. म्हणून चिमुकली शिफ्राच झारी उचलून बाग शिंपी आणि चुलीवर कण्यांची पेज शिजवी.

एका तापलेल्या दुपारी शेवंतीचे एक रोपटे मान टाकून बसलेले तिला दिसले. झारी रिकामी होती. शिफ्राने आपल्या पिण्याचे पाणी त्याला घातले. तोच पिवळ्याधमक पाकळ्यांतून सोनेरी कण उधळले आणि करंगळीएवढी परी बाहेर आली.

"स्वतः तहानलेली राहून मला पाणी पाजलंस! माग, काय हवं?"

"माझ्या बाबांना चालता येऊ दे."

परीने तिच्या तळहातावर एक शुभ्र कळी ठेवली. "हिच्या पोटात एक दवबिंदू आहे. तो बाबांच्या पावलांवर पडला की झालं. पण कळी ओढून उघडायची नाही. मनात कुणाविषयी राग असेल, तोवर ती उमलणार नाही. आणि सूर्य मावळला की कोमेजेल हं."

"माझा नाही कुणावर राग," शिफ्रा म्हणाली. कळीने आपल्या पाकळ्या अधिकच घट्ट आवळल्या.

हिरमुसली शिफ्रा घरी आली. "बाबा, तुम्हांला एज्राकाकांचा राग नाही येत?"

"येतो की! रोज सकाळी येतो."

"मग?"

"मग मी प्रार्थनेत त्याचं नाव घेतो. एकाच तोंडानं त्याच्यासाठी आशीर्वाद मागायचा आणि त्यालाच दूषणं द्यायची, हे काही मला जमत नाही, बाळ." बाबा हसले. "दुसऱ्या दिवशी राग पुन्हा येतो. प्रभूलाही माझी सवय झाली असेल! बरं, आज एज्राच्या धुराड्यातून धूर दिसला नाही. माझ्या वाटची पेज त्याला देऊन ये."

शिफ्रा निघाली, पाय मात्र जड झाले होते. एज्राकाका अंधाऱ्या ओसरीवर कुबड्या तासत बसले होते. भोवती ढलप्यांचा ढीग पडला होता. शिफ्राने पेजेचे भांडे त्यांच्यापुढे ठेवले.

"तुझ्या बाबांसाठी करतोय," ते खालमानेने पुटपुटले. "पण ही आखूड, ती लांब! अमोसला काय खेकड्यासारखा तिरका चालवू?"

शिफ्राला खुदकन हसू आले. मग तिला काकांचे सोलवटलेले हात दिसले, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. ओंजळीत मंद सुगंध दरवळला. कळी उमलली होती!

"काका, चला ना घरी!"

"कोणत्या तोंडानं येऊ, पोरी?"

सूर्य डोंगराला टेकला होता. एकटी धावली असती, तर ती केव्हाच पोहोचली असती. पण काकांचे पाऊल अडखळत होते, आणि त्यांचा हात सोडणे तिच्याने होईना. वाटेत एक पाकळी गळली. मग दुसरी.

उंबरठ्याशी काका थबकले. आतून बाबांचा आवाज आला, "कोण, एज्रा? ये रे. पेज पोटात गेली का?"

एवढे शब्द ऐकले मात्र, काकांना हुंदका फुटला. त्यांनी बाबांच्या पावलांवर डोके ठेवले. शिफ्राने फूल हळूच कलते केले. शेवटची पाकळी गळता गळता दवबिंदू ओघळला.

"अरे, हे काय! ऊठ, एज्रा, ऊठ," असे म्हणत बाबांनी त्यांचे खांदे धरून त्यांना उभे केले, छातीशी कवटाळले. शिफ्रा टाळ्या पिटत नाचू लागली, तेव्हा कुठे बाबांच्या ध्यानात आले, की आपणही उभे आहोत.

खिडकीत परी मंद हसली. मावळतीची शेवटची किरणे तिच्या पंखांवर झळाळली, सारे घर सोन्याने न्हाऊन निघाले, आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली.